केसाचे बळ

(संस्थेच्या महोत्सवानिमित्त नारायणगुडा येथे दिलेले भाषण)



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "मास्तरसाहेब, टक्कल पडलेल्यांनी यावे की नाही?" आम्ही म्हटले, त्यांनी तर अवश्य यावे. गेलेल्याचे गुण मागाहूनच कळतात.

विषय या वस्तीला परका नाही. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० साली काढलेली शाळा याच नारायणगुड्यात आहे, आणि 'केशव' या नावाचा एक अर्थ सुंदर केसांचा असाच होतो. मराठीत आपण 'केसाने गळा कापला' म्हणतो, 'केसालाही धक्का लागू देणार नाही' म्हणतो. आमच्या घरी दखनी बोलतात. तेथे चिनी मातीच्या पेल्याला बारीक चीर गेली की 'बाल आया' म्हणतात. बारीकपणाचे माप म्हणून केस सर्वांच्या तोंडी आहे. त्याच्या बळाची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही.

ती घरच्या घरी करता येते. एक लांब केस घ्यावा. त्याचे एक टोक खुंटीला व दुसरे कागदी पेल्याला चिकटपट्टीने पक्के करावे आणि पेल्यात चिमूटचिमूट वाळू सोडीत जावे. केस तुटला की वाळूसह पेला वजन करावा. चांगला जाड केस साठ ते शंभर ग्रॅम ओझे सहज तोलतो. त्याची जाडी म्हणावी तर मिलिमीटरचा विसावा ते दहावा भाग! केस पोलादाहून बळकट असतो असे काही लोक सांगतात. ते खरे नव्हे. पण तेवढ्याच जाडीच्या शुद्ध, नरम अॅल्युमिनियमच्या तारेपेक्षा तो अधिक ओझे पेलतो, हे खरे.

हे बळ येते कोठून? केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या साखळ्या मळसूत्रासारख्या वळलेल्या असून गंधकाच्या बंधांनी एकमेकींस बांधलेल्या असतात. इंग्लंडातील लीड्स येथे अॅस्टबरी या शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात लोकर व केस यांवर क्ष-किरण टाकून हे गूढ उकलण्यास आरंभ केला. केस ओढला म्हणजे शंभरात दोन भाग लांब होईपर्यंत तो स्प्रिंगसारखा वागतो. सोडला की पूर्ववत. पुढे ती मळसूत्रे उलगडू लागतात, आणि थोड्याशा जोरानेच केस पंचवीस-तीस भागांपर्यंत लांबतो. मग पुन्हा ताठरतो व अखेर तुटतो.

पाण्याने त्याचा स्वभाव पालटतो. ओला केस फुगतो, मऊ पडतो, अधिक ताणला जातो. म्हणून न्हाल्याबरोबर बारीक दातांच्या फणीने केस ओढू नयेत. रात्री घातलेल्या वेणीची लाट पाण्याने जाते, कारण ती पाण्याने सुटणाऱ्या दुबळ्या बंधांवर उभी असते. केस कायमचे सरळ वा कुरळे करणारी औषधे गंधकाचे बंधच तोडून पुन्हा जोडतात; त्यात केसाचे काही बळ खर्ची पडते. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. याच गुणावर जिनीव्हाच्या द सोस्यूर यांनी आर्द्रता मोजण्याचे यंत्र बसविले व त्याविषयीचा ग्रंथ १७८३ साली प्रसिद्ध केला. आपल्या देशातील वेधशाळांतही केसावर चालणारे आर्द्रतालेखक वर्षानुवर्षे होते. मृगाची सर आली की तेथला केस ते कागदावर लिहून ठेवी!

एक केस दुबळा, पण केसांचा समुदाय? जपानात क्योतो येथील हिगाशी होंगानजी मंदिर १८६४ साली आगीत जळाले. त्याची मुख्य इमारत १८९५ मध्ये पुन्हा पुरी झाली. अवजड तुळया ओढण्यास साधे दोर पुरेनात, तेव्हा भाविक स्त्रियांनी आपले केस कापून दिले आणि त्यांचे दोरखंड वळले गेले. त्यांपैकी एक आजही तेथे जपून ठेवलेला आहे.

आता, भगिनींनो, ज्यासाठी आम्ही हा विषय निवडला ते सांगतो. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांपैकी दोन हजारांची एक बट फिरत्या पट्ट्यात सापडली असे समजा. एका केसाचे सत्तर ग्रॅम धरले, तर त्या बटेचे बळ एकशेचाळीस किलो होते. सर्व केसांवर ताण सारखा पडत नाही, म्हणून काही कमी धरा. तरीही 'अडकले तर केस तुटेल, मी सुटेन' हा समज घातक आहे. केस तुटण्याआधी डोक्याची कातडी सुटते. आणि मोटार काही दमत नाही. मळणीयंत्र, मसाल्याची चक्की, शिवणयंत्राची मोटार, सर्वांचा हिशेब हाच. २०२० साली हैदराबादच्या वेशीवर खेळाच्या छोट्या मोटारीत बसलेली एक तरुणी केस चाकात गुंतून प्राणास मुकली. ती कामावर नव्हती, खेळावयास गेली होती.

उपाय स्वस्त आहेत. यंत्राजवळ जाण्यापूर्वी केस वर बांधून रुमालाखाली घ्यावेत. नुसती वेणी पुरत नाही, कारण वेणी म्हणजे वळलेला दोरच. ओढणी व पदर खोचावा. यंत्र बंद करण्याची कळ हाताच्या अंतरावर असावी.

आणि विश्वस्त मंडळींस एक विनंती. आपल्यासारख्या संस्था गरजू स्त्रियांना शिवणयंत्रे, चक्क्या देतात. त्यावर कित्येक घरांची चूल पेटते. यापुढे यंत्र देताना त्याच्या पट्ट्यावर बसवावयाची जाळीही सोबत द्यावी, आणि तिचा खर्च किरकोळ म्हणून यादीतून काढू नये.