फेऱ्या बंद, दौडी सुरू
(गणेशोत्सवात पालकांपुढे केलेले छोटेसे भाषण)

कॉलनीतल्या मुलांना मी वर्षानुवर्षे मैदानाला १० फेऱ्या मारायला लावल्या. त्याने दम वाढतो, वेग नाही. क्रीज ते क्रीज अंतर अवघे १७.६८ मीटर! म्हणून आता २० मीटरच्या सहाच दौडी, पूर्ण जोराने, मध्ये श्वास शांत होईपर्यंत थांबून. वळताना तोंड चेंडूकडे.

वेगवान गोलंदाजांचे मात्र वेगळे. वाढत्या वयात अति गोलंदाजीने कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो. रुळासारखाच, एका गाडीने नव्हे. कंबर दुखते म्हणणाऱ्या मुलाला मी म्हणालो, "आणखी दोन षटके टाक." त्याचे अख्खे वर्ष गेले. त्याचे वडील समोरच बसले आहेत. आता दुखते म्हणणाऱ्याच्या हाती मी चेंडू देत नाही, अंतिम सामना असला तरी.

उद्या सकाळी सहाला मुलांना पाठवा. रात्री भजन लांबले तर सातला.