शून्य टक्के कर्जाचा मार्च महिना



आज बोलायचे आहे ते गावच्या सोसायटीबद्दल. १८७५ साली सुप्याच्या बाजारात आणि पुणे-नगरच्या गावोगाव शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. शेतकऱ्याला सावकाराचे दार दिसू नये, हा त्यामागचा हेतू. तेव्हा सोसायटीची परीक्षा एकच. तिचा सभासद आज सावकाराकडे जातो की नाही?

मार्च महिना आठवा. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून व्याज शून्य पडते. मुदत चुकली की सवलत गेली, नाव थकबाकीत. तूर घरात असते, पण भाव पडलेला. मग सभासद बाहेरून १ लाख उचलतो, सोसायटीत भरतो, नवे कर्ज हाती आले की परत करतो. याला आपण नवे-जुने म्हणतो. शेकडा ३ रुपये दराने त्या लाखाला महिन्याचे ३,००० रुपये. नवे वाटप दोन महिने लांबले की ६,०००. कागदावर शून्य टक्के, घरात ६ टक्के. त्यासाठी कारभारणीचे डोरले गहाण पडते आणि मृगाच्या तोंडावर बियाण्याला पैसा उरत नाही. दप्तरात मात्र वसुली चोख!

आता टेबलापलीकडच्या माणसाकडे पाहा. गटसचिवाला आपण शिव्या देतो. एकेकाच्या गळ्यात तीन-चार गावांची दप्तरे असतात. अनेक ठिकाणी त्याचा पगार सोसायटीच्या व्याजातल्या फरकातून निघतो. वसुली नाही तर पगार नाही. ज्याची स्वतःची चूल थंड, तो दुसऱ्याच्या दारात गोड कसा बोलेल? पुनर्गठनाचा नियम समजावून सांगायला त्याला सवड कुठली? सभासदाचा घोर आणि सचिवाचा घोर एकाच दोरीला बांधलेला आहे. सोडवायचा तर दोघांचा मिळून सोडवावा लागेल.

यासाठी सोसायटीच्या सभेत पाच ठराव मांडा.

एक. वसुली भरली त्याच आठवड्यात नवे कर्ज मिळावे, असा ठराव जिल्हा बँकेकडे पाठवा.

दोन. ज्यांची ऐपत आहे त्यांनी सोसायटीत ठेवी ठेवाव्यात आणि त्यातून मार्चपुरती उसनवारीची सोय करावी. जर्मनीत रायफायझनने १८६४ साली हेडेसडोर्फ गावी पतसंस्था काढली ती याच तत्त्वावर. गावची बचत गावाच्या गरजेला.

तीन. पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की कर्जाच्या पुनर्गठनाची माहिती चावडीवर वाचून दाखवावी आणि अर्ज तिथेच भरून घ्यावेत.

चार. सचिवाचा पगार अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत धरावा, वसुलीवर टांगू नये. थकबाकीदाराच्या घरी सचिवाने एकट्याने जाऊ नये, संचालकाने सोबत जावे. चारचौघांत कुणाची अब्रू काढू नये.

पाच. कर्जदार वारला तर नोटिशीच्या आधी दोन संचालकांनी त्याच्या घरी जावे. बाकी किती, शेअर्स किती, नामनिर्देशन कुणाचे, विमा होता का, हे त्याच्या बायकोला नीट सांगावे. ७/१२ वर बोजा असतो, तो हिशेब तिला कुणीच सांगितलेला नसतो.

यातून शेती फायद्यात येईल असे मी म्हणत नाही. कर्ज फिटते ते मालाच्या भावातून, आणि भाव सोसायटीच्या सभेत ठरत नाही. पण मार्चची सोय आणि सचिवाचा पगार तिथे ठरू शकतो. तिथे एका सभासदाला एक मत आहे, मग जमीन दोन एकर असो की वीस.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. गणपूर्ती नाही म्हणून ती तहकूब होते आणि अर्ध्या तासाने दहा जणांत उरकते. या वर्षी ते दहा जण एकटे राहणार नाहीत, एवढे बघा. जाताना बायकांनाही घेऊन जा.