उच्चारशुद्धी आणि आपली मुले



ज्ञानाचाराच्या आठ अंगांत व्यंजन, अर्थ आणि तदुभय यांची गणना होते. अक्षर शुद्ध उच्चारावे, अर्थ जाणावा आणि दोन्ही एकत्र जपावे, ही आपली परंपरा. हीच दृष्टी मुलांच्या इंग्रजीलाही लागू पडते.

‘व्हेजिटेबल’ हा नित्याचा शब्द घ्या. लेखनात ‘टेबल’ दिसते, म्हणून आपण तसेच म्हणतो. इंग्रजीभाषक मात्र ‘व्हेज्-ट-बल’ असे तीन खंड करून पहिल्या खंडावर जोर देतात. याउलट ‘व्हेजिटेरिअन’मध्ये जोर तिसऱ्या खंडावर, ‘टे’वर येतो. ‘व्ह’ उच्चारताना वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवावेत. परदेशी शिकणाऱ्या आपल्या कन्येला तेथील उपाहारगृहात आपला आहारनियम याच शब्दांनी सांगावा लागतो; ऐकणाऱ्यास ते अचूक कळले, तर नियम पाळणे सुकर होते.

कपिलधारच्या यात्रेत मराठीसोबत कन्नडही कानी पडते. परक्याचा वेगळा उच्चार आपण आपुलकीने समजून घेतो. तीच आपुलकी घरच्या मुलालाही लाभावी. तो अडखळला तर हसू नये, शब्द पुन्हा म्हणवून घ्यावा. हसण्याने मूल मौन धरते, आणि मौनात उच्चार सुधारत नाही.

जय जिनेंद्र!