खारपाण पट्टा आणि मुळांजवळचे जिवाणू

आपण बसलोय नागपुरात, पण आजची गोष्ट थोडी पश्चिमेकडची. दर्यापूर, मूर्तिजापूर, शेगाव या भागात गेलात तर काळीभोर जमीन दिसते. वाटतं, इथं काय पिकणार नाही? पण विहिरीचं पाणी तोंडात घ्या, खारट! हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला.

समुद्र नाही, मग खार आला कुठून? आपल्या अमरावती रोडवरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या मातीचा अभ्यास केलाय. कोरड्या हवेत मातीतलं कॅल्शियम चुनखडीत अडकून बसतं आणि सोडियमचा जोर वाढतो. माती चोपण होते, पाण्याचा निचरा होत नाही.

अशा मातीत झाड ताणाखाली येतं आणि इथिलीन वायू जास्त बनवू लागतं. हो, आढीतले आंबे पिकवतो तोच वायू! तो वाढला की मुळांची वाढ खुंटते, पानं लवकर गळतात.

आता येतात मुळांजवळ राहणारे जिवाणू, म्हणजे बॅसिलस, स्यूडोमोनास वगैरे. इथिलीन ज्या पदार्थापासून बनतो त्याचं नाव एसीसी. मुळांतून तो बाहेर झिरपतो आणि यातले काही जिवाणू तो खाऊन टाकतात. त्यांना नायट्रोजन मिळतो, झाडात इथिलीन कमी बनतो, मूळ वाढत राहतं. कॅनडातले शास्त्रज्ञ बर्नार्ड ग्लिक आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये हे असं उलगडून मांडलं. काही जिवाणू तर मुळांभोवती चिकट थर करतात आणि सोडियम तिथंच धरून ठेवतात.

पण एक सांगतो, नीट ऐका. "खारी जमीन गोड करा" असं लिहिलेलं पाकीट कुणी विकत असेल, तर लगेच पैसे काढू नका. जिवाणू झाडाला ताण सोसायला मदत करतात, जमिनीतलं सोडियम बाहेर काढत नाहीत. त्यासाठी जिप्सम लागतं. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, मग सुटलेलं सोडियम पावसाच्या पाण्यासोबत वाहून जायला चर लागतात.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी माती परीक्षण, मग जिप्सम आणि निचरा, त्यानंतर जिवाणू. बियाण्याला बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. आणि सुकवायचं सावलीत, उन्हात नाही. उन्हात ते मरतात ना!

घरी शेती असेल तर आज बाबांना एवढंच विचारा, "आपल्या मातीची तपासणी शेवटची कधी केली?" चला, भेटू पुढच्या भागात.