परवाना कोणाच्या भयासाठी?

(सोनपेठ येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमरेला पिस्तूल लावून लग्नाच्या मांडवात मिरवणारे लोक आपण पाहतो. हे शस्त्र त्यांनी कोणाच्या भयाने घेतले, हे विचारण्याचे धैर्य मात्र आपल्याला होत नाही. आज तो प्रश्न मोकळेपणाने विचारू.

१८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या राजवटीत शस्त्रकायदा झाला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि युरोपियनांना सूट, असा त्यात भेद होता. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता. पण येथला अनुभवही निराळा नव्हता. १९४८ पर्यंत रझाकारांच्या हाती शस्त्रे होती आणि खेडुतांच्या वाट्याला भय. सत्तेच्या मर्जीतल्या माणसाला शस्त्र मिळते, हा त्या काळाचा धडा.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने हा पायंडा मोडू पाहिला. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे त्याचे कलम १४ सांगते. निव्वळ शेतीकामाची अवजारे त्याने शस्त्रांतून वगळली. अर्जावर पोलीस ठाण्याचा अहवाल मागवणे, सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक तर परवाना नाकारणे किंवा रद्द करणे, हे काम परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यावर सोपवले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

असा कायदा असताना शेजारच्या बीड जिल्ह्यात काय घडले? ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अमानुष मारहाण करून हत्या झाली. त्या हत्येत बंदूक नव्हती. पण तिच्यामुळे दहशतीची चर्चा उघड झाली आणि जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे पुढे आले. २०२५ च्या आरंभी त्यांतले शंभराहून अधिक रद्द झाले. जे नंतर रद्द करता आले, ते आधीच का तपासले गेले नाहीत? एका सरपंचाचा जीव जाईपर्यंत कायदा कोणाची वाट पाहत होता?

गरिबालाही बंदूक द्या, असे मी म्हणत नाही. बंदुका वाटून समता येत नसते. ज्याला खरे भय आहे तो शेतमजूर, ती एकटी राहणारी स्त्री, बंदूक मागत नाहीत. आपली तक्रार ठाण्यात नोंदली जावी, एवढेच मागतात. ते ज्या दिवशी घडेल, त्या दिवशी पुष्कळ परवान्यांचे कारणच उरणार नाही.

तोवर आपली मागणी साधी आहे. तालुकावार परवाने किती, कोणत्या कारणांसाठी दिले आणि त्यांची फेरतपासणी केव्हा झाली, हे जिल्हा प्रशासनाने दरवर्षी जाहीर करावे. परवाना ही प्रतिष्ठेची बिरुदावली नव्हे. समाजाने विश्वासाने सोपवलेली ती ठेव आहे. ठेवीचा हिशेब मागणे हा आपला अधिकार आहे.