मोजलेले आणि न मोजलेले प्रेक्षक

(नंदुरबार जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेचे प्रेक्षक हा विषय नंदुरबारच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कुपोषण, स्थलांतर, वनहक्काचे दावे आणि धरणग्रस्तांचे पुनर्वसन हे प्रश्न जेथे दारात उभे आहेत, तेथे खेळाच्या प्रक्षेपणाची चर्चा ही चैन वाटू शकते. परंतु साऱ्या जगाने सामना पाहिला असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा त्या 'साऱ्या जगात' कोणाला धरले आणि कोणाला वगळले, हा प्रश्न खेळाचा राहत नाही. तो समतेचा प्रश्न होतो.

2018 साली रशियात झालेली विश्वचषक स्पर्धा 357 कोटी लोकांनी पाहिली, असे फिफा या जागतिक संघटनेने जाहीर केले. म्हणजे चार वर्षांवरील मानवजातीपैकी निम्म्याहून अधिक. आकडा डोळे दिपवणारा आहे. तथापि तो कसा तयार होतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल. घरी संचासमोर बसून ज्याने निदान एक मिनिट सामना पाहिला, तो या हिशेबात प्रेक्षक ठरला. अंतिम सामन्याला 112 कोटी लोकांनी असा स्पर्श केला. परंतु सामना चालू असताना पडद्यासमोर सरासरीने असलेले लोक 51 कोटी 70 लाख होते. जेथे मोजणीची यंत्रे नाहीत, तेथे अंदाजाने आकडे भरले जातात.

त्याच वर्षी, ही स्पर्धा सुरू होण्यापूर्वी दीड महिना, 28 एप्रिल 2018 रोजी देशातील प्रत्येक गावात वीज पोहोचल्याची घोषणा केंद्र सरकारने केली. तिची व्याख्याही लक्षात ठेवण्यासारखी आहे. सार्वजनिक जागांबरोबर गावातील दहा टक्के घरांना वीज मिळाली, की ते गाव विद्युतीकृत. उरलेली नव्वद घरे अंधारात असली तरी कागदावर प्रकाश पडतो. एक मिनिट पाहणारा प्रेक्षक आणि दहा टक्क्यांचे उजळलेले गाव ही एकाच हिशेबपद्धतीची दोन अपत्ये आहेत. आकडा मोठा दिसावा यासाठी पोहोचण्याची अट लहान करण्यात येते.

मोजणीच्या बाबतीत या जिल्ह्याचा अनुभव विलक्षण आहे. 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. पंतप्रधान स्वतः त्यासाठी आले होते. नागरिकाला क्रमांक देण्याची सुरुवात शासनाने येथून केली. त्याच वर्षीच्या जून-जुलैत दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषक स्पर्धा होऊन गेली होती. परंतु जाहिरातदार ज्या प्रेक्षकमोजणीवर विसंबून होते, ती त्या काळी प्रामुख्याने शहरांची मोजणी होती. ग्रामीण भारताचे नियमित आकडे 'बार्क' या संस्थेने 2015 च्या ऑक्टोबरपासून देण्यास प्रारंभ केला. 2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 48 हजार असून शंभरातील 83 माणसे खेड्यांत राहतात आणि सुमारे 69 माणसे आदिवासी आहेत. शासनाच्या यादीत ज्यांना पहिला क्रमांक मिळाला, ते बाजाराच्या यादीत बहुतांशी नव्हतेच.

हे अनवधानाने घडलेले नाही. खासगी दूरचित्रवाणीच्या व्यवहारात कार्यक्रम ही विक्रीची खरी वस्तू नसते. विकला जातो तो प्रेक्षक, आणि खरेदीदार असतो जाहिरातदार. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याचे डोळे विकत घेण्यात कोणाला रस असणार? 2020 च्या सुमारास देशातील 21 कोटी संचधारक घरांची आवड 44 हजार घरांत बसवलेल्या यंत्रांवरून ठरवली जात होती. म्हणजे एका घराने सुमारे पावणेपाच हजार घरांची साक्ष द्यायची. आणि ज्या पाड्यावर संचच नाही, त्याची साक्ष कोणीच द्यायची नाही.

संच नसण्याचे मूळ विजेत आहे. सरदार सरोवरासाठी महाराष्ट्रातील 33 गावे बाधित झाली. ती सारी अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील. त्या प्रकल्पाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्या पाड्यांवर मात्र वर्षानुवर्षे दिवा नव्हता. अक्राणी तालुक्यातील बिलगाव येथे केरळातील अभियंत्यांच्या साहाय्याने आणि गावकऱ्यांच्या श्रमदानातून 2003 च्या जानेवारीत 15 किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. 2006 च्या ऑगस्टमधील पुरात तो गेला. जर्मनीतील विश्वचषक स्पर्धा संपून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. फुटबॉलवेड्या केरळातून आलेल्या माणसांनी सातपुड्यात प्रकाश आणून दाखवला, परंतु शासनाने त्यातून धडा घेतला नाही.

2022 ची कतारमधील स्पर्धा तर या जिल्ह्याच्या दृष्टीने अधिकच बोलकी आहे. ती 20 नोव्हेंबर ते 18 डिसेंबर या काळात झाली. हा ऊसतोडीचा हंगाम. मुकादमाकडून उचल घेऊन सातपुड्यातील कुटुंबे या दिवसांत गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात कोयता चालवत असतात. तिकडे कतारमध्ये ज्या मैदानांवर सामने झाले, तीही भारत, नेपाळ, बांगलादेश येथून गेलेल्या स्थलांतरित मजुरांच्या घामावर उभी होती. फिफाला 2019 ते 2022 या चार वर्षांत सुमारे साडेसात अब्ज डॉलरचे उत्पन्न मिळाले. मैदान बांधणारा मजूर आणि उसाच्या फडातील मजूर, दोघेही या उत्सवाच्या कुंपणाबाहेरच राहिले.

त्या वर्षी भारतात हे सामने मोबाईलवर विनामूल्य दाखवण्यात आले आणि अंतिम सामना त्या मार्गाने 3 कोटी 20 लाख लोकांनी पाहिल्याचे सांगण्यात आले. विनामूल्य म्हणजे काय? हाती चांगला फोन हवा, डेटाचे पैसे हवेत, शिवाय संकेत हवा. सातपुड्यात त्यासाठी टेकडी चढावी लागते. समालोचन इंग्रजी, हिंदी, तमिळ, मल्याळम आणि बंगालीत होते. त्यात मराठीच नव्हती. मग भिली, पावरी आणि मावची यांची काय कथा!

येथे कायद्याचा विचार करावा लागतो. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. त्या तत्त्वाला धरून 2007 चा कायदा झाला आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडाप्रसंगांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी प्रसारभारतीला देणे बंधनकारक ठरले. विश्वचषकातील सर्व नव्हे, निवडक महत्त्वाचे सामने त्यात येतात. परंतु 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की हे प्रक्षेपण दूरदर्शनने केवळ आपल्या भूप्रक्षेपकांवरून आणि आपल्या मोफत डिश सेवेवरून दाखवावे. खासगी केबल व डिशवर ते जाऊ नये. पुढे मार्च 2022 अखेर बहुतेक भूप्रक्षेपकही बंद झाले. छपरावरचा साधा अँटेना निरुपयोगी झाला. मासिक शुल्क नसलेली दूरदर्शनची डिश तेवढी उरली. तिचे साहित्य मात्र पदरच्या पैशाने घ्यावे लागते. हक्क मान्य झाला, पण वाट अरुंद होत गेली.

भुकेल्याला आधी भाकरी हवी, सामना कशाला, असा आक्षेप सज्जन माणसेही घेतात. भाकरी आधी, यात वाद नाही. परंतु हाच न्याय ते मुंबई-पुण्याच्या वस्त्यांना कधी लावत नाहीत. श्रमिकाने फक्त पोटापुरते मागावे आणि आनंद, कुतूहल, जगाशी नाते हे इतरांसाठी ठेवावे, ही विभागणी समाजवाद्यांना मान्य होण्यासारखी नाही. 1975-76 मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील 2,400 गावांत सामुदायिक संच बसवून दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. तथापि एका गावाने एकत्र बसून पाहावे, ही त्यामागची कल्पना आजही टाकाऊ झालेली नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या ग्रामसभांच्या ठरावांत आणाव्यात. प्रत्येक आश्रमशाळेत आणि ग्रामपंचायतीत दूरदर्शनच्या मोफत डिशसह सामुदायिक संच असावा आणि तो चालेल एवढी वीज असावी. दूरदर्शनने व आकाशवाणीने अशा सामन्यांचे समालोचन मराठीत आणि शक्य तेथे आदिवासी बोलींत द्यावे. तिसरी मागणी मैदानाची. 2017 साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा 13 लाख 47 हजार प्रेक्षक मैदानांत आले आणि तत्पूर्वी 15 सप्टेंबर रोजी राज्यभर मुलांना फुटबॉल खेळवण्याचा मोठा कार्यक्रम झाला. एका दिवसाचा समारंभ पुरेसा नाही. पाड्यावरच्या मुलाला सपाट मैदान, चेंडू आणि शिकवणारा माणूस बारा महिने मिळाला पाहिजे.

पुढील स्पर्धेनंतरही अब्जांचे आकडे प्रसिद्ध होतील. ते वाचताना आपल्या गावातील किती घरांत वीज, संच आणि समजणारी भाषा होती, एवढी मोजणी कार्यकर्त्यांनी स्वतः करावी. तालुक्यातालुक्याची अशी यादी तयार झाली, तर ती कोणत्याही जाहिरातदाराच्या अहवालापेक्षा अधिक खरी असेल, आणि ग्रामसभेच्या ठरावाला जोडता येईल.