न बोललेलें दुःख

परभणी जिल्ह्यांतील गंगाखेड हें संत जनाबाईंचें जन्मस्थान मानलें जातें, आणि जनाबाईंचें नांव निघालें कीं डोळ्यांपुढें जातें येतें. पहांटेच्या अंधारांत दोघीजणी समोरासमोर बसत, एकाच खुंट्यावर दोघींचे हात असत, आणि सासूपुढें किंवा नवऱ्यापुढें जें काढतां येत नसे तें ओवींतून बाहेर पडे. पुढें पिठाची गिरणी आली. बायकांच्या मनगटांचे कष्ट वाचले, हें चांगलेंच झालें. परंतु जात्याबरोबर तें बोलणेंहि कोपऱ्यांत गेलें.

त्या बोलण्याची उणीव ज्या दुःखांत सर्वांत अधिक भासते, तें म्हणजे पोटांतला गर्भ न टिकल्याचें दुःख. हें क्वचित् घडतें असें नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें, दिवस गेल्याचें कळलेल्या शंभर स्त्रियांपैकीं दहा ते पंधरा जणींचा गर्भ पडतो. तरीहि प्रत्येकीला वाटतें, हें आपल्याच वांट्यास आलें. कारण शेजारणीच्या घरीं तें घडलें तेव्हां कोणीं तिला सांगितलेलें नसतें.

पूर्वजांनीं या प्रसंगाकडे अगदींच डोळेझांक केली नव्हती. सुश्रुतानें चौथ्या महिन्यापर्यंत तो स्राव आणि पांचव्या-सहाव्यांत पात, असा भेद केला. धर्मशास्त्रानें आईचें अशौच महिन्यांच्या हिशेबानें मोजलें. स्रावाच्या प्रसंगीं बापाला मात्र नुसतें स्नान पुरे. हिशेब चोख, पण बाजूला बसावयाचें तिनें एकटीनें! पुढें १९६१ सालच्या मातृत्वलाभ कायद्यानें नोकरदार स्त्रीला अशा वेळीं सहा आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि १९६९ सालच्या जन्म-मृत्यु नोंदणी कायद्यानें मृत जन्मलेल्या बालकाचीहि नोंद आवश्यक केली. कापूस वेंचणाऱ्या किंवा ऊसतोडीस गेलेल्या बाईला रजा कोणीं द्यावयाची? तिचा खाडा धरला जातो.

घरांत बोलणें होतें, नाहीं असें नाहीं. पण तें चौकशीचें. पपई खाल्लीस का? भरलेली घागर उचललीस का? सांगूनहि गांवाला कां गेलीस? वस्तुतः आरंभींच्या महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकीं सुमारें निम्म्यांत गुणसूत्रांची मांडणीच मुळांत बिघडलेली असते. घागरीचा त्यांत कांहीं दोष नाहीं, हें डॉक्टरला दोन मिनिटांत सांगतां येतें. कित्येकदां तें सांगावयाचें राहून जातें, आणि ती बाई वर्षानुवर्षें त्या घागरीला धरून बसते. नवऱ्याला तर कोणी विचारीतहि नाहीं. ‘पुन्हां होईल’ हें सांत्वनहि फुकट जातें. तिनें वाट पाहिलेली असते ती याच मुलाची.

ब्रिटनमध्यें अशा स्त्रियांसाठीं १९८२ सालीं एक संस्था निघाली. त्या वाटेनें गेलेल्या स्त्रीनें दुसरीचें ऐकून घ्यावें, हें तिचें एक मोठें काम. आपल्याकडे गांवांत आशाताई असते, महिन्याची बचतगटाची बैठक असते. हें ऐकणाऱ्या सुशिक्षित घरांत निदान एक वडीलधारी बाई असतेच.

श्रावणांतल्या शुक्रवारीं जिवतीची पूजा होते, पुरणाच्या दिव्यांनीं मुलांना ओवाळतात. तेवढ्यांत अशी एकादी सून कांहीं निमित्त काढून स्वयंपाकघरांत जाते. तिच्यामागोमाग थोरल्या जावेनें जावें, ‘माझाहि पांचव्या महिन्यांत गेला होता गं, कधीं कोणाला बोललें नाहीं,’ असें म्हणावें, आणि बाहेरून हांका आल्या तरी दोघींनीं थोडा वेळ तेथेंच बसावें.